ब्रिटिश स्पोर्ट्स कार ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ आणि तिची भारतीय भावंड ‘स्टँडर्ड हेराल्ड’ : इतिहास, संग्रहमूल्य आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत ब्रिटनमध्ये तयार झालेल्या लहान, उघड्या, दोन आसनी मोटारींना वाहनांच्या इतिहासात स्वतंत्र स्थान आहे. एमजी, ऑस्टिन-हीली, जॅग्वार आणि ट्रायम्फ ही त्यांतील ठळक नावे होत. आज या मोटारी ‘क्लासिक’ म्हणून ओळखल्या जातात आणि जगभर त्यांचा संग्रह केला जातो. भारतात मात्र १९५० च्या दशकापासून मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आल्याने या मोटारी सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचल्याच नाहीत. त्यामुळे हा विषय आपल्याकडे बहुधा संस्थानिकांच्या किंवा महानगरातील धनिकांच्या हौसेचा मानला जातो.

हा समज पूर्णतः बरोबर नाही. ट्रायम्फ कंपनीची ‘स्पिटफायर’ ही विख्यात स्पोर्ट्स कार ज्या चासीवर आणि ज्या इंजिनाच्या घराण्यावर उभी राहिली, तीच चासी आणि तेच घराणे मद्रास येथे तयार झालेल्या ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या कौटुंबिक मोटारीत होते. ही हेराल्ड १९६० आणि १९७० च्या दशकांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ॲम्बेसेडर आणि फियाट यांच्या बरोबरीने धावत होती. मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या चाकरमान्याच्या मांगराजवळ, फणसाच्या सावलीत ताडपत्रीखाली एखादी जुनी मोटार उभी असल्याचे दृश्य कोकणात अपरिचित नाही. अशी मोटार हेराल्ड असेल तर तिचे काय करावे, हा प्रश्न केवळ भावनेचा राहत नाही. तो तांत्रिक, आर्थिक आणि कायदेशीरही ठरतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) स्पिटफायर आणि हेराल्ड यांचा समान इतिहास मांडणे, (२) जुन्या मोटारीचे संग्रहमूल्य कोणत्या निकषांवर ठरते हे स्पष्ट करणे, (३) मालवण किनाऱ्यासारख्या खाऱ्या व दमट हवामानात अशा मोटारीच्या जतनात येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरील उपाय यांचा विचार करणे, (४) सध्याच्या कायदेशीर तरतुदींचा परिचय करून देणे.

‘विंटेज’, ‘क्लासिक’ आणि संग्रहमूल्य : संकल्पना

बोलीभाषेत कोणत्याही जुन्या मोटारीस ‘विंटेज’ म्हटले जाते. ब्रिटनमधील प्रचलित वर्गीकरणानुसार ‘विंटेज’ म्हणजे साधारणतः १९१९ ते १९३० या काळात तयार झालेली मोटार. त्यानंतरच्या, विशेषतः युद्धोत्तर काळातील उल्लेखनीय मोटारींना ‘क्लासिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (फिवा, स्थापना १९६६) मात्र ‘ऐतिहासिक वाहन’ अशी व्यापक संज्ञा वापरली आहे. किमान ३० वर्षे जुने, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य स्थितीत राखलेले आणि दैनंदिन वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन या संज्ञेत येते. भारतीय कायद्यातील ‘विंटेज’ या शब्दाचा अर्थ याहून वेगळा आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

संग्रहमूल्य म्हणजे केवळ बाजारातील किंमत नव्हे. एखादी वस्तू तिच्या काळाविषयी, तंत्राविषयी आणि समाजाविषयी जे सांगू शकते, ते तिचे मूल्य होय. किंमत हे त्या मूल्याचे एक अंग आहे आणि ते बदलते असते. हा भेद लक्षात न घेतल्याने अनेक जुन्या मोटारींचे जतनाच्या नावाखाली नुकसान झाले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : स्टँडर्ड, ट्रायम्फ आणि हेराल्डचा जन्म

स्टँडर्ड मोटर कंपनीची स्थापना रेजिनाल्ड मॉडस्ले यांनी १९०३ मध्ये कॉव्हेंट्री येथे केली. ट्रायम्फ ही त्याच शहरातील कंपनी. सिगफ्रीड बेटमन यांनी सुरू केलेला हा व्यवसाय सायकलींपासून मोटारसायकलींकडे आणि १९२३ मध्ये मोटारींकडे वळला. १९३९ मध्ये ट्रायम्फची मोटार कंपनी आर्थिक डबघाईस आली आणि १९४४ मध्ये स्टँडर्डने ती विकत घेतली. पुढे १९५३ मध्ये आलेल्या ‘टीआर २’ या मोटारीमुळे ट्रायम्फ हे नाव स्पोर्ट्स कारशी कायमचे जोडले गेले.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस कंपनीला नव्या लहान कौटुंबिक मोटारीची गरज होती. तथापि, स्टँडर्डसाठी मोटारीचे साचे तयार करणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. त्या काळी बहुतेक उत्पादक चासी आणि साचा एकजीव असलेल्या रचनेकडे वळले होते. असा संपूर्ण साचा बनवून देणारा कारखाना हाताशी नसल्याने स्टँडर्डला जुन्या पद्धतीची स्वतंत्र चासी स्वीकारावी लागली. तिच्यावर लहान लहान भागांत बनविलेला साचा बोल्टांनी जोडण्यात आला. अडचणीतून निघालेला हा मार्ग पुढे या मोटारीच्या दीर्घायुष्याचे कारण ठरला.

इटालियन रचनाकार जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी या मोटारीला रूप दिले आणि एप्रिल १९५९ मध्ये ‘ट्रायम्फ हेराल्ड’ बाजारात आली. ९४८ घनसेंटीमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना स्वतंत्र निलंबन, मडगार्डांसह पुढे उलटून उघडणारे संपूर्ण बॉनेट आणि अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळण्याची क्षमता ही तिची वैशिष्ट्ये होती.

स्पिटफायर : निर्मिती आणि विकास

हेराल्डची स्वतंत्र चासी उपलब्ध असल्याने तिच्यावर दुसऱ्या प्रकारचा साचा बसविणे शक्य होते. मिकेलोत्ती यांनीच तिच्या आधारे दोन आसनी उघड्या मोटारीचा नमुना तयार केला. परंतु स्टँडर्ड-ट्रायम्फची आर्थिक स्थिती खालावली आणि हा नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यात आच्छादनाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँड मोटर्सने कंपनी ताब्यात घेतल्यानंतर नव्या व्यवस्थापनाच्या तो दृष्टीस पडला आणि त्याच्या उत्पादनास मंजुरी मिळाली. ऑक्टोबर १९६२ मधील लंडन मोटार प्रदर्शनात ही मोटार सादर झाली. युद्धकाळातील प्रसिद्ध लढाऊ विमानाचेच ‘स्पिटफायर’ हे नाव तिला देण्यात आले होते.

स्पिटफायरचे उत्पादन पाच टप्प्यांत झाले. पहिल्या आवृत्तीत (१९६२) ११४७ घनसेंटीमीटरचे, ६३ अश्वशक्तीचे इंजिन होते. तिसऱ्या आवृत्तीत (१९६७) इंजिन १२९६ घनसेंटीमीटरचे झाले. चौथ्या आवृत्तीत (१९७०) मागील निलंबनात महत्त्वाची सुधारणा झाली. शेवटच्या ‘१५००’ या आवृत्तीत (१९७४) १४९३ घनसेंटीमीटरचे इंजिन बसविण्यात आले. १९६५ च्या ल मांस येथील २४ तासांच्या शर्यतीत स्पिटफायरने एकंदर तेरावा क्रमांक आणि आपल्या गटात प्रथम स्थान मिळविले. ऑगस्ट १९८० मध्ये कॉव्हेंट्रीतील कॅनली येथे तिचे उत्पादन थांबले. तोपर्यंत ३,१४,३३२ मोटारी तयार झाल्या होत्या.

भारतीय शाखा : मद्रासची हेराल्ड

स्वातंत्र्योत्तर भारतात मोटार उद्योगाविषयीचे धोरण झपाट्याने बदलले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींच्या जोडणीचा कारखाना सुरू केला होता. १९५३ मधील टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर मात्र केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्यांस वाव उरला नाही. देशातच टप्प्याटप्प्याने निर्मितीची तयारी असणारे उत्पादक तेवढे टिकले. मोटारींच्या क्षेत्रात त्यांपैकी तीन प्रमुख होते : कलकत्त्याजवळील हिंदुस्थान मोटर्स, मुंबईतील प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया.

१९४८ मध्ये स्थापन झालेल्या या तिसऱ्या कंपनीने आरंभी ‘व्हॅनगार्ड’ आणि ‘स्टँडर्ड टेन’ या मोटारी आणल्या. १९६१ पासून तिने ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने हेराल्डचे उत्पादन सुरू केले. ब्रिटनमध्ये ‘स्टँडर्ड’ हे नाव मागे पडून ‘ट्रायम्फ’ पुढे आले होते. भारतात मात्र जुने नावच कायम राहिले. इंजिनही मूळचे ९४८ घनसेंटीमीटरचेच राहिले. हळूहळू देशी भागांचे प्रमाण वाढत गेले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने चार दारांची हेराल्ड आणि मागे सामानाची जागा असलेली ‘कंपॅनियन’ ही आवृत्ती आणली. या दोन्ही आवृत्त्या केवळ भारतीय बाजारपेठेसाठी होत्या. चार दारांची हेराल्ड ब्रिटनमध्ये कधीच विकली गेली नाही, ही बाब संग्रहाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९७२ मध्ये हेराल्डची जागा ‘गॅझेल’ने घेतली आणि १९७७ पर्यंत अल्प संख्येने तिचे उत्पादन चालले. पुढे १९८५ मध्ये रोव्हर मोटारीवर आधारित ‘स्टँडर्ड २०००’ आली. तिला अपेक्षित यश मिळाले नाही आणि १९८८ मध्ये मोटार उत्पादन बंद पडले. कंपनीच उरली नसल्याने हेराल्डच्या मालकास उत्पादकाचा आधार राहिला नाही. आज उरलेली प्रत्येक मोटार ही त्या कारखान्याच्या कामाची साक्ष आहे.

दोन्ही मोटारींची रचना : साम्य आणि भेद

हेराल्डच्या चासीच्या दोन चाकांच्या आसांमधील अंतर ९१.५ इंच होते. स्पिटफायरसाठी ते ८३ इंचांपर्यंत कमी करण्यात आले आणि चासीचे बाहेरील बाजूचे दांडे वगळण्यात आले. परिणामी स्पिटफायरमध्ये दारांखालील पोकळ पट्ट्या साच्याच्या बळकटीचा भाग बनल्या, तर हेराल्डमध्ये मुख्य भार चासीवरच राहिला. या भेदाचा गंजाच्या संदर्भात पुढे विचार करावयाचा आहे.

इंजिनांचे घराणे एकच होते. १९५३ च्या ‘स्टँडर्ड एट’ मधील ८०३ घनसेंटीमीटरच्या इंजिनापासून सुरू झालेली ही परंपरा ९४८, ११४७, १२९६ आणि १४९३ अशी वाढत गेली. हेराल्डचे इंजिन एका कार्बोरेटरवर सुमारे ३५ अश्वशक्ती देत असे, तर स्पिटफायरला दोन कार्बोरेटर होते. स्पिटफायरच्या पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते आणि हेराल्डला ड्रम ब्रेक. पुढील निलंबन आणि स्टिअरिंगची रचना दोघींत मूलतः समान होती.

दोघींमध्ये एक दोषही समान होता. मागील चाकांचे आस मधल्या गिअरपेटीपासून झोक्यासारखे वरखाली होत आणि वर आडवा पाटा असे. वेगाने वळण घेताना चालकाने अचानक ॲक्सिलरेटर सोडला, तर मागील चाक आतल्या बाजूस झुकून मोटारीचा मागचा भाग घसरण्याची शक्यता असे. आंबोली किंवा करूळ घाटातील वळणांवर ओल्या रस्त्यात या दोषाचे गांभीर्य सहज ध्यानी येते. ब्रिटनमध्ये १९७० च्या स्पिटफायरमध्ये पाट्याची रचना बदलून हा दोष कमी करण्यात आला. भारतात १९७२ च्या गॅझेलमध्ये झोक्याच्या आसाऐवजी अखंड आस बसविण्यात आला. एकाच तांत्रिक प्रश्नाला दोन देशांनी दोन भिन्न उत्तरे दिली. हा इतिहास कागदावर थोडाफार सापडतो. तो प्रत्यक्ष पाहता येतो तो मात्र जपलेल्या मोटारींतच.

संग्रहमूल्याचे निकष

पहिला निकष दुर्मिळतेचा मानला जातो. परंतु केवळ दुर्मिळतेने मूल्य ठरत नाही. ॲस्टन मार्टिन डीबी ५ (१९६३–६५) च्या हजाराच्या आसपासच मोटारी तयार झाल्या आणि तिची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेली. उलट स्पिटफायर तीन लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, म्हणूनच ती आजही ब्रिटनमध्ये मध्यमवर्गीय हौशी माणसाची क्लासिक मानली जाते. मुबलक संख्या, सुट्या भागांची उपलब्धता आणि सोपी रचना यांमुळे तिच्या मालकांच्या संघटना भक्कम आहेत. याचा लाभ हेराल्डच्या भारतीय मालकासही होतो, कारण निलंबन, स्टिअरिंग आणि इंजिन यांचे बरेच भाग समान आहेत.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निकष मूळपणाचा होय. फिवाच्या ट्युरिन सनदेचे (२०१२) सूत्र असे की, हस्तक्षेप शक्य तितका कमी असावा. जे मूळचे आहे ते आधी राखावे, जे सुधारता येईल ते सुधारावे आणि नवे भाग बसविणे हा शेवटचा उपाय मानावा. चकचकीत नवा रंग दिलेल्या मोटारीपेक्षा जुन्या रंगातील, मूळ आसने आणि मूळ काचा असलेली मोटार जाणकारांना अधिक मोलाची वाटते, ती याच कारणाने.

तिसरा निकष कागदपत्रांचा. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक आणि नोंदणी पुस्तकातील नोंदी परस्परांशी जुळल्या पाहिजेत. ब्रिटनमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियम जुन्या उत्पादन नोंदींच्या आधारे मोटारीच्या मूळ स्वरूपाचे प्रमाणपत्र देते. मद्रासच्या हेराल्डसाठी नोंदणी पुस्तक, जुन्या पावत्या, विम्याचे कागद आणि कौटुंबिक छायाचित्रे हाच पुरावा असतो. येथे एक स्थानिक बाब नमूद करणे आवश्यक आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला, तर गॅझेलचे उत्पादन १९७७ मध्येच थांबले होते. म्हणजे आज या जिल्ह्यात असलेल्या कोणत्याही हेराल्ड वा गॅझेलची पहिली नोंदणी जिल्हा निर्माण होण्यापूर्वीची आणि अन्य कार्यालयातील असणार. जुने नोंदणी पुस्तक हरवले असल्यास शोध मुंबई, रत्नागिरी किंवा अन्य मूळ कार्यालयापासून सुरू करावा लागतो.

या निकषांच्या प्रकाशात एका प्रचलित मोहाचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते. हेराल्डचे छप्पर बोल्टांनी जोडलेले असल्याने ते काढून टाकणे सोपे असते. छप्पर काढून, मागील आसन हलवून आणि भडक रंग देऊन तिला ‘स्पोर्ट्स कार’चे रूप देता येते. मात्र असे केल्याने ती स्पिटफायर होत नाही आणि हेराल्डही राहत नाही. चार दारांची भारतीय हेराल्ड जगात इतरत्र तयार झालेली नसताना तिची नक्कल स्पोर्ट्स कार बनविणे म्हणजे दुर्मिळ हस्तलिखिताची पाने फाडून त्यावर छापील पुस्तकाचे वेष्टन चढविण्यासारखे आहे.

किनारी हवामान आणि गंज

लोखंडास गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू यांची गरज असते. क्षारांतील क्लोराइडमुळे ही क्रिया वेग घेते. समुद्राच्या लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतात आणि पाणी सुकल्यावर मिठाचा अदृश्य थर मागे राहतो. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळू लागते. समुद्रमिठातील मॅग्नेशियम क्लोराइड तर याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओलसर राहते. मालवण किनाऱ्यावर पावसाळ्यात जवळजवळ सर्वकाळ आणि इतर ऋतूंतही रात्री-पहाटे हवा पुरेशी दमट असते. म्हणूनच येथे पाऊस नसतानाही पत्रा ओला राहतो, असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.

आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेच्या गंजकारक क्षमतेचे वर्ग ठरविले आहेत. मध्यम वर्गात उघड्या साध्या पोलादाचा पहिल्या वर्षातील ऱ्हास २५ ते ५० मायक्रॉन असतो. क्लोराइडचा मोठा प्रभाव असलेल्या किनारी प्रदेशांचा समावेश होणाऱ्या ‘सी ५’ या वर्गात तो ८० ते २०० मायक्रॉन असतो. मोटारीचा पत्रा जेमतेम ९०० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरहूनही कमी जाडीचा असतो. गंजाचा वेग पुढे काहीसा मंदावतो हे खरे. तरीही रंग उडालेला आणि दोन्ही बाजूंनी उघडा पडलेला पत्रा काही वर्षांतच चाळणीसारखा होऊ शकतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट व्हावे.

रचनेतील भेद येथे निर्णायक ठरतो. स्पिटफायरमध्ये दारांखालील पट्ट्या गंजल्या की साच्याची बळकटीच जाते आणि दुरुस्तीसाठी मोटार आधारावर नीट तोलून धरावी लागते. हेराल्डमध्ये त्या पट्ट्या आणि मडगार्ड यांसारखे भाग वेगळे काढून, दुरुस्त करून पुन्हा जोडता येतात. मात्र चासीपासून बाजूस निघणारे दांडे, चासीचा मागील भाग, डिकीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा यांची बारकाईने तपासणी आवश्यक असते. हे दांडे पोकळ असल्याने त्यांचा गंज आतून सुरू होतो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. लहान हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकणे ही जुन्या मेकॅनिकची पद्धत आजही उपयुक्त आहे. भरीव, खणखणीत आवाज आला तर पत्रा चांगला. मंद, बद्द आवाज आला तर आत गंज असल्याचे समजावे.

जतनाचे उपाय

खाऱ्या हवेत वस्तू कशी टिकवावी याचे ज्ञान या किनाऱ्याला नवे नाही. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीस बंदी असते आणि त्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या जातात. जमिनीपासून उंच ठेवणे, वरून पाऊस अडविणे आणि बाजूंनी वारा खेळता ठेवणे ही त्यामागील तीन तत्त्वे मोटारीलाही तंतोतंत लागू पडतात.

पहिला उपाय निवाऱ्याचा. जांभ्या दगडाच्या भिंतीत ओल धरून राहते आणि मातीच्या जमिनीतून बाष्प वर येते. म्हणून गॅरेजची जमीन पक्की व भोवतालच्या अंगणापेक्षा उंच असावी आणि भिंतींत समोरासमोर झरोके असावेत. मोटारीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळणे हा सर्वांत घातक प्रकार आहे, कारण आत अडकलेले बाष्प बाहेर पडत नाही. सुती, श्वसनशील आच्छादन वापरावे.

दुसरा उपाय गोड्या पाण्याने धुण्याचा. मीठ विरघळवून वाहून नेणे हाच त्यावर खरा उपाय आहे. मोटारीचा वरचा भाग धुतला जातो, परंतु खालची बाजू आणि मडगार्डांच्या आतील कडा दुर्लक्षित राहतात. दारांच्या तळाची पाणी निचरण्याची छिद्रे मोकळी ठेवावीत. चासीच्या पोकळ भागांत मेणयुक्त गंजरोधक तेल फवारावे. पुळणीवर मोटार नेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

तिसरा उपाय वंगणाचा. या मोटारींच्या पुढील चाकांच्या उभ्या दांड्याचे खालचे टोक आट्यांच्या साहाय्याने ‘ट्रुनियन’ नावाच्या कांस्याच्या भागात फिरते. उत्पादकाने तेथे गिअरचे जाड तेल घालण्यास सांगितले होते. अनेक गॅरेजांत सवयीने ग्रीस भरले जाते. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोहोचत नाही, पाणी शिरते, पोलादी आटे गंजतात आणि चाक निखळण्यापर्यंत प्रसंग येऊ शकतो. चार महिने पाण्यातून चालणाऱ्या मोटारीसाठी ही सूचना जीव वाचविणारी आहे.

चौथा मुद्दा इंधनाचा. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. शिसेयुक्त पेट्रोलासाठी बनविलेल्या इंजिनांतील व्हॉल्व्हची बैठक त्यामुळे अधिक झिजते. इंजिन उघडण्याचा प्रसंग येईल तेव्हा कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. २०२५ पासून पंपांवर प्रामुख्याने २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील बाष्प शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खराब करते. म्हणून इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या वापराव्यात आणि पावसाळ्यात मोटार दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. ब्रेकचे तेलही बाष्प शोषणारे असल्याने ते ठरावीक काळाने बदलणे आवश्यक आहे.

कायदेशीर तरतुदी

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर योग्यता तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविता येते. या मार्गाने जुनी मोटार नियमित वापरता येते. दुसरा मार्ग जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने खुला केला. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी व चारचाकी खासगी वाहने या नियमांनुसार ‘विंटेज’ ठरतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून ती १० वर्षे वैध असते. पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये आहे. नव्या नोंदणीस ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो, तर आधीच नोंदणी असलेल्या वाहनास जुना क्रमांक राखता येतो.

या नोंदणीचा स्वीकार करताना एक मर्यादा लक्षात ठेवावी. असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅलीतील सहभाग, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापरास मनाई आहे. १९६१ ते १९७१ या काळातील हेराल्ड आज वयाची अट पूर्ण करतात आणि अखेरच्या गॅझेलही लवकरच ती पूर्ण करतील. मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. छप्पर कापलेली हेराल्ड या कलमाच्या कक्षेत येऊ शकते आणि विंटेज नोंदणीसाठीही अपात्र ठरू शकते. मूळपणाचा जो निकष संग्राहक मानतात, त्यालाच आता कायद्याचेही पाठबळ मिळाले आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्पिटफायर भारतात तयार झाली नाही. तथापि तिची चासी, निलंबन आणि इंजिनाची परंपरा स्टँडर्ड हेराल्डच्या रूपाने भारतात आली. त्यामुळे ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इतिहासाचा अभ्यास येथे हेराल्डच्या आधारे करता येतो.

२. हेराल्डचे मूल्य ती स्पिटफायरसारखी दिसण्यात नाही. भारतीय कारखान्याने, भारतीय रस्त्यांसाठी केलेले बदल तिच्यात दिसतात आणि तेच तिचे मूल्य आहे.

३. मालवण किनाऱ्यावर जतनाचा खरा शत्रू वय नसून मीठ आणि कोंडलेली ओल हे आहेत. त्यांवरील उपाय खर्चिक नसून नियमितपणाचे आहेत.

४. कागदपत्रे आणि मूळपणा यांच्यावर बाजारभाव व कायदेशीर मान्यता दोन्ही अवलंबून असल्याने दुरुस्तीपूर्वी मोटारीची छायाचित्रे, क्रमांक आणि भागांची स्थिती यांची लेखी नोंद करणे आवश्यक आहे.

५. असे नोंदीकरण हा मालवणचे शासकीय तंत्रनिकेतन आणि जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांच्या विद्यार्थ्यांसाठी उत्तम प्रकल्प ठरू शकेल. स्वतंत्र चासी, उघडून दिसणारे संपूर्ण इंजिन आणि हाताने समजून घेता येणारी यंत्रणा असलेल्या मोटारी शिकण्यासाठी फार काळ उपलब्ध राहणार नाहीत.

भंगारवाल्याच्या तराजूत हेराल्डचे वजन काही शे किलो लोखंडाइतके भरते. त्या लोखंडात कॉव्हेंट्रीच्या अडचणीतून निघालेली एक रचना आणि मद्रासच्या कामगारांनी तिला दिलेले भारतीय रूप सामावलेले आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी ताडपत्री उचलून चासीचा क्रमांक वहीत उतरवून घेणे एवढ्या साध्या कृतीनेही त्याच्या जतनाचा आरंभ होऊ शकेल.